मुख्य पानावरचा मानपान

माझा व्यवसाय काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. "सून कॉम्प्युटरमध्ये आहे," एवढं त्या ऐटीत सांगायच्या. पुढे कुणी खोदून विचारलंच, तर "मोठमोठ्या साहेबांना ती भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवायला लावते," असं म्हणून पटकन चहा टाकायला उठायच्या. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मलाही याहून नेमकी व्याख्या सुचलेली नाही.

थोडं समजावून सांगते. वेबसाइट बांधायच्या आधी तिच्यात काय काय असणार, ते कुठे ठेवायचं, त्याला नाव काय द्यायचं, हे ठरवावं लागतं. तुम्ही कधी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा केलाय? साखर सापडत नाही. घरातल्या बाईला विचारावं, तर ती म्हणते, "अगं, समोर तर आहे!" समोर असते, पण तिच्या. डबा तिनं ठेवलेला असतो, आणि त्याच्यावर 'बिस्किटं' असं लिहिलेलं असतं. कंपन्यांच्या वेबसाइटी अगदी अशाच. ज्यानं ठेवलं त्याला सगळं दिसतं, आलेला पाहुणा शोधून शोधून दमतो. तर माझं काम असं, की सगळ्या खात्यांच्या माणसांना एका खोलीत बसवायचं, वेबसाइटवरची एकेक गोष्ट एकेका कार्डावर लिहून त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "आता पाहुण्याच्या डोक्यानं विचार करा आणि याचे गठ्ठे लावा बघू."

बालवाडी वाटते ना? मग गुरुग्रामच्या एखाद्या काचेच्या टॉवरमध्ये या. तिथल्या एका कंपनीत मी कार्डं वाटली, पेनं वाटली आणि म्हटलं, "चलिए, शुरू करते हैं." कुणी जागचं हलेना. सगळे मोठ्या साहेबांच्या तोंडाकडे बघतायत आणि साहेब मोबाइलमध्ये. बऱ्याच वेळानं साहेबांनी मान वर न करता हाताला लागलं ते कार्ड उचललं आणि भिंतीवर लावलं. झालं! सगळ्यांनी आपापलं कार्ड त्याच्याखाली लावायला धाव घेतली. साहेबांचं कार्ड कशाचं होतं म्हणाल, तर 'पार्किंगची सोय'. दुपारपर्यंत त्या कंपनीचे देशभरातले सगळे उद्योगधंदे पार्किंगखाली येऊन बसले होते.

दुसऱ्या एका ठिकाणी दोन जनरल मॅनेजरांत कुणाचं कार्ड भिंतीवर वर असावं यावरून चढाओढ लागली. याचं वर गेलं की त्याचं त्याच्याही वर. शेवटी हाऊसकीपिंगवाल्याकडून शिडी मागवली. मी निघाले तेव्हा ती दोन कार्डं छताला टेकलेली होती आणि ती उतरवायची कुणाची छाती नव्हती. माणसांना माहितीची मांडणी करायला सांगा, ती स्वतःचीच मांडणी करतात, हे मला या धंद्यात फार लवकर कळलं.

एक मात्र टोचतं. दोन-तीन वर्षांनी नवा साहेब येतो, जुनी साइट मोडतो आणि नवी करायला घेतो. गवंड्याची भिंत राहते, मास्तरांचे विद्यार्थी राहतात, माझ्या हातचं मात्र काही म्हणजे काही शिल्लक राहिलेलं नाही. म्हणून दाखवण्यासारखं काम विचाराल, तर मी एकच सांगते. तेही फुकटात केलेलं आणि तेही आमच्या दिल्लीच्या मराठी मंडळाचं.

मंडळाचे अध्यक्ष मुजावरसाहेब. मूळचे सांगलीकडचे, केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त होऊन फरीदाबादला स्थायिक झालेले, लाख माणूस. कुणाला नाही म्हणता येत नाही, एवढाच काय तो दोष, आणि अध्यक्षाला तो पुरतो. एक दिवस त्यांचा फोन आला. "नीलिमाताई, आपली गुरुग्राम-नोएडाकडची तरुण पोरं मंडळात येईनाशी झालीत हो. वेबसाइट केली तर येतील. तुमचं तर हातचं काम. तासाभरात होऊन जाईल, नाही?"

मी "बिल्कुल!" म्हणाले. बाई गं, काय बोलून बसले!

रविवारी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सगळ्यांना बोलावलं. फरीदाबादहून आलेली ज्येष्ठ मंडळी गेटवरच अडली. गार्ड ॲपवरचा कोड मागतोय आणि नाट्य विभागाचे बापट त्याला मंडळाचा इतिहास सांगतायत, असं दृश्य. मी धावत खाली उतरले, तर लिफ्टपाशी सुमनकाकू चिटणीस पर्स सांभाळत एकट्याच उभ्या.

"काकू, तुम्हाला कसं सोडलं? कोड सांगितलात?"

"कसला कोड? मी त्याला विचारलं, शादी हो गई क्या बेटा? नाही म्हणाला. मग गाव कोणतं, घरी कोण कोण, असं बोलत बोलत आले आत. चांगला मुलगा आहे गं, यूपीतल्या एटाचा आहे."

सुमनकाकू म्हणजे मंडळाचा वधू-वर विभाग. विभाग म्हणजे त्या आणि त्यांचा फोन, तिसरं कुणी नाही. एके काळी दिल्लीतल्या मराठी घरांत त्यांच्या शब्दाशिवाय पत्रिका पुढे सरकत नसे. आमच्या मंडळातली कितीतरी जोडपी त्यांनी जमवलेली आहेत, आणि भांडण झालं की त्यातली बरीचशी आजही त्यांच्याच नावानं बोटं मोडतात.

क्लबहाऊसमध्ये टेबल टेनिसच्या टेबलावर मी कार्डं पसरली. बापटांच्या समोर, मुद्दाम जाळीच्या पलीकडे, सांस्कृतिक विभागाचे मोघे बसले. या दोघांचं एका जुन्या नाटकातल्या भूमिकेवरून बिनसलंय. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलतात, पण मुजावरसाहेबांमार्फत. तरुणांच्या वतीनं तन्मय होता, गुरुग्रामच्या एका आयटी कंपनीतला. त्याला सगळं सोपं वाटतं.

"पहिलं कार्ड, नाटक," मी म्हटलं.

"सिंपल आहे यार," तन्मय म्हणाला. "सांस्कृतिकच्या खाली."

बापट ताडकन उठले. "मुजावरसाहेब, याला सांगा, नाटक मोघ्यांच्या खाली जाणार नाही. जीव गेला तरी जाणार नाही."

"मुजावरसाहेब, त्यांना सांगा, मला तरी कुठे हवंय? आमच्याकडे कार्यक्रम वेळेवर सुरू होतात."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. ही मंडळी वेबसाइट करतच नव्हती. ती लग्नाची पंगत मांडत होती! कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसेल, कुणाला पुढे बोलावलं नाही तर कोण रुसून बसेल, कुणाच्या शेजारी कुणाला चुकूनही बसवायचं नाही. पाहुणा आरतीची वेळ शोधत आला तर त्याचं काय, हा प्रश्न कुणाच्या गावीही नव्हता.

पुढचं कार्ड होतं 'पानिपत'. दर जानेवारीत मंडळाची बस पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला जाते, तिथल्या स्मारकापाशी फुलं वाहते आणि संध्याकाळपर्यंत परत येते. तन्मयनं ते उचलून 'सहली'च्या गठ्ठ्यात टाकलं.

"सहल?" मोघ्यांचा आवाज चढला. "अरे, जिथे आपली माणसं कापली गेली, तिथे जाण्याला सहल म्हणतोस? ती श्रद्धांजली आहे!"

"पण काका, व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'पानिपत सहल'च आहे. आणि येताना मुरथलच्या ढाब्यावर थांबून तुम्हीच तर तीन पराठे..."

"ते पोटासाठी! श्रद्धांजली उपाशीपोटी वाहायची असं कुठे लिहिलंय का?"

बापट जाळीपलीकडून म्हणाले, "मुजावरसाहेब, त्यांना सांगा, चार खाल्ले होते. मी शेजारच्या टेबलावर होतो."

मुजावरसाहेबांनी दोन्ही हात वर केले. "दोन्हीकडे ठेवूया की! सहलीतही आणि श्रद्धांजलीतही." आता आमच्या धंद्यात एखादी गोष्ट दोन ठिकाणी ठेवणं चालतं, लोक दोन्ही वाटांनी शोधत येतात. पण मुजावरसाहेबांना ही युक्ती फारच आवडली. ते कोरी कार्डं घेऊन बसले आणि जो रुसेल त्याला आणखी एक कार्ड लिहून देऊ लागले. जेवणापर्यंत 'नाटक' चार ठिकाणी होतं, 'मंगळागौर' तीन ठिकाणी, आणि मुख्य पानावरची नावं टेबल संपून खुर्च्यांवर आली होती. सगळ्यांत वर 'अध्यक्षीय मनोगत'. "माझं नको हो," असं मुजावरसाहेब कळवळून सांगत होते. पण बापट आणि मोघे या दोघांनी मिळून ते तिथं लावलं. त्यांचं एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्याचं नाव पहिलं लागण्यापेक्षा अध्यक्षांचं लागलेलं परवडलं!

मी टाळी वाजवली. "बास! मुख्य पानावर सहा नावं. सातवं नाही. आता काय काढायचं ते सांगा."

कुणी स्वतःचं नाव काढेना, हे सांगायला नकोच. तन्मय म्हणाला, "वधू-वर ड्रॉप करूया ना. आजकाल सगळे ॲपवर असतात. लग्नासाठी काकूंना फोन कोण करतं, यार?"

त्याच्या बोलण्यात तिरकसपणा नव्हता. आणि कामाचं बोलायचं तर त्याचं बरोबरच होतं. मी आधीच सोसायटीतल्या बऱ्याच तरुण मराठी मुलांना विचारलं होतं, मंडळाकडून काय हवंय म्हणून. वधू-वरचं नाव एकानंही काढलं नव्हतं. मी मान डोलावली. सुमनकाकूंनी आपलं कार्ड टेबलावरून उचललं, पर्समध्ये घातलं आणि पर्सचं बटण लावलं.

मसालेभाताची ताटली घेऊन त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता कानउघाडणी होणार. तसं काही झालं नाही.

"नीलिमा, तुझं बरोबर असेल गं," त्या म्हणाल्या. "पण एक सांगू? पूर्वी माझा फोन ठेवला की वाजायचा. हे वैतागायचे, म्हणायचे, हे घर आहे की टेलिफोन एक्सचेंज? आता हेही नाहीत. आठवड्यात एखादा फोन येतो, तोही क्रेडिट कार्ड घ्या म्हणणाऱ्या मुलीचा. तिच्याशीही बोलते मी. माझा राहुल कॅनडातून रविवारी करतो, पण त्याला घाई असते. मंडळाकडे माझं नाव आहे म्हणून कुणीतरी कधीतरी फोन करतं. ते गेलं की मी बोलायचं कुणाशी? फ्रिजशी?"

आणि त्या हसल्या. त्यांचं नाव ठेवावं, तर साइटवर कुणी न उघडणारं एक दार वाढणार. ते काढावं, तर फरीदाबादच्या त्यांच्या फ्लॅटमधला फोन कायमचा गप्प होणार. एरवी मी ग्राहकांना छाती पुढे काढून सांगते, की मांडणी ठरवताना भावना आड येऊ देऊ नये. त्या दिवशी मला त्या माझ्या वाक्याचा राग आला.

जेवणानंतर मी परीक्षेला बसवायला एका पाहुणीला बोलावलं होतं. ऋतुजा, नाशिकची, आमच्याच टॉवरमध्ये भाड्यानं राहणारी, दिल्लीत नवीन. सकाळच्या सगळ्या गठ्ठ्यांची नावं मी मोठ्या कागदांवर लिहून भिंतीला लावली होती. जिथे माऊस दाबावासा वाटेल तिथे तिनं बोट ठेवायचं, मग मी आतला कागद दाखवणार. ही परीक्षा पाहुण्याची नसते, मांडणाऱ्यांची असते. म्हणूनच मांडणाऱ्यांना घाम फुटतो.

"ऋतुजा, गणपतीची आरती किती वाजता आहे, ते शोध."

तिनं 'उपक्रम'वर बोट ठेवलं. आत 'नाट्य उपक्रम' आणि 'अन्य उपक्रम'. परत फिरली. 'परंपरा'त गेली, तिथं मंगळागौर. शेवटी हताश होऊन तिनं 'अध्यक्षीय मनोगत'वर बोट टेकवलं.

मुजावरसाहेब लाजून म्हणाले, "त्यात आहे ती वेळ. शेवटच्या परिच्छेदात."

खोली हसली, बापट आणि मोघेही हसले, एकमेकांकडे न बघता. मी विचारलं, "बरं, हे राहू दे. तुला स्वतःला मंडळाकडून काय हवंय?"

ऋतुजा जरा घुटमळली. "खरं सांगू? मागे मला ताप आला होता. फ्लॅटमेट गावी गेलेली. आईला सांगितलं असतं तर ती तिथं रडत बसली असती. मला फक्त कुणीतरी मराठीत 'काय होतंय गं' म्हणायला हवं होतं. मी इंटरनेटवर मंडळाचं नाव शोधून काढलं. तिथं नुसता एक ईमेल होता. तापात ईमेल कोण लिहितं? यातलं काही नसलं तरी चालेल. एक फोन नंबर द्या ना, जो उचलला जाईल."

मुजावरसाहेब हळूच म्हणाले, "पहिल्या जागेवर नंबरच हवा. मनोगत काढा ते. नंबर कुणाचा द्यायचा?"

आणि मग काय गंमत झाली म्हणता! सकाळपासून पहिल्या जागेसाठी हमरीतुमरीवर आलेली माणसं एकदम मागे सरकली. बापटांना दुपारी झोप लागते. मोघ्यांच्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात, तो अडकून चालणार नाही. मुजावरसाहेब म्हणाले, "माझा देतो, पण मी सगळ्यांना सगळ्यालाच हो म्हणून बसेन." हे सगळ्यांना पटलं. तन्मय म्हणाला, "चॅटबॉट टाकूया ना."

"अहो, बँकेच्या बॉटनं मला परवा तीनदा विचारलं, मी तुमची काय मदत करू," ऋतुजा म्हणाली. "केली एकदाही नाही."

मी सुमनकाकूंकडे पाहिलं. त्यांचं या चर्चेकडे लक्षच नव्हतं. त्या ऋतुजाला बाजूला घेऊन विचारत होत्या, "ताप उतरला का गं पूर्ण? जेवतेस कुठे? आणि नाशिकला कुठे घर? घरी कोण कोण?"

"काकू," मी म्हटलं, "तुमचा नंबर टाकू का?"

त्यांनी मान वळवली. आधी त्यांना खरंच वाटेना. मग त्या ताठ बसल्या, पदर सारखा केला, आणि लग्नाची बोलणी करायच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या दोन अटी आहेत. एक, वधू-वर विभाग बंद करा, मला चालेल. पण फोनवर मी काय विचारायचं, हे मला कुणी शिकवायचं नाही."

"आणि दुसरी?"

"दुपारी माझी मालिका असते, तेव्हा..." त्या थांबल्या. "जाऊ दे. तेव्हाही उचलेन."

"पण काकू, हेल्पलाइन म्हणजे थोडं प्रोफेशनल..." तन्मयनं सुरुवात केली.

"तू गप रे. तुझं वय काय?"

उरलेलं सगळं त्या एका गोष्टीनंतर भराभर सुटलं. नाटक आणि सांस्कृतिक दोन्ही मोडून मी एकच 'कार्यक्रम' केलं. ज्याची तारीख जवळ तो वर. आता बापट आणि मोघे एकमेकांच्या आधी तारखा जाहीर करायच्या मागे असतात, आणि मंडळाचे कार्यक्रम कधी नव्हे ते वेळच्या वेळी ठरू लागलेत. पानिपत दोन्ही ठिकाणी राहिलं. सहा नावं, आणि सगळ्यांच्या वर, ठसठशीत अक्षरांत, सुमनकाकूंचा नंबर. 'नवीन आहात? काही अडलंय? फोन करा.' हे शब्द माझे. इतक्या वर्षांत मी लिहिलेलं सगळ्यात साधं वाक्य, आणि मला त्याचा अभिमान आहे.

साइट सुरू झाल्यावर व्यवसायाच्या सवयीनं मी नंबर तपासून पाहिला. ऑफिसच्या फोनवरून, आवाज बदलून, "नमस्कार, मी दिल्लीत नवीन आलेय," असं सुरू केलं.

"नीलिमा, घसा बसलाय का तुझा?" पलीकडून आवाज आला. "आल्याचा काढा घे."

फोन कशाकशासाठी यायचे म्हणून सांगू! मोदकाची पिठी दिल्लीच्या द्वारकेत कुठे मिळते. दार बाहेरून बंद झालंय, किल्ली आत आहे, काय करू. बाळ रडायचं थांबत नाही. तेव्हा काकूंनी त्या मुलीला फोन बाळाच्या कानाशी धरायला लावला आणि अंगाई म्हटली. झारखंडच्या एका गृहस्थांचा चुकून लागला, तर त्यांच्याशीही तासभर बोलल्या, त्यांच्या मुलीचं जमत नाही म्हणे. कारण किल्ली असो की ताप, शेवटी काकूंचा प्रश्न ठरलेला, "लग्न झालंय का?" मेनूतून काढून टाकलेला वधू-वर विभाग असा दणक्यात चालू झाला, की तन्मयनं माझ्याकडे रीतसर तक्रार केली. प्रायव्हसी वगैरे बरंच बोलला. मी काकूंना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "अटीत काय ठरलंय?" हल्ली तन्मय दर रविवारी काकूंकडे पोहे खायला फरीदाबादला जातो. ऋतुजाही जाते. दोघं एकाच कॅबनं जातात, पैसे वाचतात म्हणून. मी काही बोललेले नाही.

यंदा दिवाळीच्या पहाटे काकूंना शुभेच्छा द्यायला फोन केला. 'आप जिस व्यक्ति को कॉल कर रहे हैं, वह अभी दूसरी कॉल पर व्यस्त हैं.' फराळ झाल्यावर केला, तेच. दुपारी तेच. संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर केला, तरी ती बाई तेच ऐकवतेय! नवरा म्हणाला, "एवढी काय हसतेस? आणि डोळे का पुसतेस?" मी त्याला फोन कानाला लावून ऐकवला, पण त्याला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंचाच फोन आला, तोही रागावून.

"काय गं, दिवाळीला साधा एक फोन नाही? विसरलीस ना म्हातारीला?"

"अहो काकू, काल दिवसभर लावत होते! तुमचाच लागत नव्हता."

"लागत नव्हता तर थांबायचं. सगळी थांबतात. बरं, ठेवते आता, दुसरा येतोय."